टाक्यांचा व्रण: तिसऱ्या महिन्यात बिघडतो, मग निवळतो

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: पोटाची मोठी शस्त्रक्रिया होऊन अडीच महिने झाले. टाके काढले तेव्हा रेघ बारीक आणि फिकट होती, सगळे म्हणाले छान भरलीय. आता तीच रेघ लाल झालीय, हाताला टणक लागते, जरा वर आलीय आणि रात्री खाजते. जखम आतून बिघडतेय का, हा केलॉइड (चिरेबाहेर पसरत जाणारा जाड व्रण) आहे का, व्रण जायला एकूण किती दिवस लागतील आणि त्यावर काय लावायचं?

आधी धीर देणारी गोष्ट सांगते, कारण ती खरी आहे. अडीच महिन्यांचा व्रण बहुतेकांचा असाच दिसतो. शस्त्रक्रियेचा व्रण टाके काढताना चांगला दिसतो, मग साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत लाल आणि जाड होत जातो, खाजतो, आणि त्यानंतर कुठे निवळायला लागतो. पूर्ण निवळायला एक वर्ष, काहींना दीड-दोन वर्षं. लहान मुलांची आणि तरुणांची लाली जास्त दिवस टिकते. उतारवयात व्रण लवकर फिकट होतो. तरुण त्वचा जोमाने भरते, म्हणूनच जास्त जाड भरते. घरी जाताना टाके कधी काढायचे, आंघोळ कधी करायची हे रुग्णाला सांगितलं जातं, पण तिसऱ्या महिन्यात व्रण आधीपेक्षा वाईट दिसेल हे क्वचितच कुणी सांगतं. मग माणूस घाबरतो आणि नेमक्या त्याच काळात नाही नाही ते चोळत बसतो. व्रण दाखवायला माझ्याकडे येणाऱ्यांतले बरेच जण याच टप्प्यावर येतात.

असं का होतं हे कळलं की भीती बरीच ओसरते. वरची कातडी फार लवकर मिटते. कडा नीट जुळवून टाके घातले असतील तर २४ ते ४८ तासांत वरच्या थरातल्या पेशी दोन्हीकडून सरकत येऊन चीर झाकून टाकतात. पण हा अगदी पातळ थर असतो, त्याला ताकद नसते. खरं काम त्याच्या खाली चालू असतं. पहिले चार-पाच दिवस शरीर मेलेल्या पेशी आणि जंतू साफ करतं. थोडी सूज, लाली, ऊब असते ती त्याची. मग फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी तिथे येतात आणि कोलॅजेनचे, म्हणजे त्वचेला ताकद देणाऱ्या प्रथिनाचे, धागे टाकायला लागतात. साधारण पाचव्या ते नवव्या दिवशी चिरेखाली बोटाला एक कडक वरंबा लागतो. रुग्णांना ती गाठ वाटते. आम्हाला मात्र तो हाताला लागला की हायसं वाटतं, कारण जखम आतून धरतेय याची ती खूण असते. तो कुठेच लागत नसेल तर आम्ही जखमेवर जास्त लक्ष ठेवतो.

हे पहिलं कोलॅजेन घाईने टाकलेलं असतं, बारीक आणि कच्चं. पुढचे अनेक महिने शरीर ते तोडत राहतं आणि त्या जागी जाड, मजबूत धागे घालत राहतं. पण मूळ त्वचेत धाग्यांची जी गुंफण असते ती परत येत नाही. फाटलेल्या कापडाला कितीही बारीक रफू केलं तरी मूळ वीण जुळत नाही, तसंच हे आहे. त्या रेघेत केस उगवत नाहीत, घामाच्या ग्रंथी परत तयार होत नाहीत. त्यामुळे ‘व्रण पूर्ण जाईल का’ याचं उत्तर नाही असंच आहे. तो फिकट, सपाट, मऊ होऊन सहज लक्षात येणार नाही इथवर मात्र बहुतेक वेळा जातो.

ताकदीचंही तसंच. पहिल्या आठवड्याअखेर जखमेची ताकद मूळ त्वचेच्या १० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. सहा आठवड्यांनी ती साधारण निम्म्यावर येते, तीन महिन्यांनी ८० टक्क्यांच्या जवळ, आणि तिथेच थांबते. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर निदान सहा आठवडे जड उचलू नका असं सांगतात ते याचसाठी. वरून रेघ कोरडी आणि बंद दिसते म्हणून पोटाच्या स्नायूंवरचा आतला चिवट पडदा भरलाय असं समजू नका.

आता तुमचा अडीचावा महिना. या काळात कोलॅजेन टाकण्याचं काम तोडण्याच्या कामापेक्षा जोरात चालू असतं, म्हणून व्रण जाड आणि टणक. त्या कामाला रक्त पुरवायला बारीक रक्तवाहिन्यांचं दाट जाळं आलेलं असतं, म्हणून लाल. मज्जातंतूंची तुटलेली टोकं वाढत असतात आणि तिथल्या काही पेशी हिस्टामिन हे खाज आणणारं रसायन सोडत असतात, म्हणून खाज. पुढे टाकणं आणि तोडणं यांचा मेळ बसतो, जादा रक्तवाहिन्या मिटतात, रंग लालवरून गुलाबी, मग तपकिरी किंवा फिकट पांढरट होतो.

हे तोडणं-घालणं व्रणात आयुष्यभर थोडं थोडं चालूच राहतं, ही गोष्ट मला अजूनही थक्क करते. कोलॅजेन बनवायला ‘क’ जीवनसत्त्व लागतं. १७४० च्या दशकात ब्रिटिश नौदल अधिकारी जॉर्ज ॲन्सन याच्या सागरी मोहिमेत खलाशांना स्कर्व्ही, म्हणजे ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग, झाला, तेव्हा त्यांच्यातल्या एकाची पन्नास वर्षांपूर्वी आयर्लंडमधल्या बॉइनच्या लढाईत झालेली, फार पूर्वीच भरून आलेली जखम पुन्हा उघडल्याची नोंद आहे. नवीन धागे बनणं थांबलं आणि जुने तुटत राहिले. म्हणजे जुना व्रण हासुद्धा जिवंत ऊतीच असतो.

घरी एक साधी तपासणी करता येते. व्रणावर बोटाचं टोक दाबून दोन-तीन सेकंद धरा आणि उचला. जागा क्षणभर फिकट होऊन परत लाल झाली तर ती लाली रक्तवाहिन्यांची आहे, म्हणजे व्रण अजून घडतोय. दाबूनही रंग हलला नाही आणि तो तपकिरी-काळपट असेल तर ते रंगद्रव्य आहे. दोन्हींचे उपाय वेगळे असतात, म्हणून डॉक्टरही हेच करून बघतात.

संसर्गाची लक्षणं वेगळी असतात: लाली रेघेपुरती न राहता आजूबाजूच्या त्वचेत पसरते, जागा गरम लागते, दुखणं कमी होण्याऐवजी वाढतं, पू येतो, ताप येतो. टाक्यांच्या जागेचा संसर्ग बहुधा पहिल्या ३० दिवसांत होतो. आत जाळी किंवा धातूचा भाग बसवला असेल तर ९० दिवसांपर्यंत तो धरला जातो. तुमच्या वर्णनात यातलं काही नाही. मात्र एक प्रकार दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात हमखास घाबरवतो. रेघेवर एखादी बारीक पुळी येते, फुटते आणि तिच्यातून दोऱ्याचं टोक डोकावतं. आतल्या थरांना घातलेले विरघळणारे टाके पूर्ण विरघळायला दोन ते सहा महिने घेतात, त्यातला एखादा शरीर असा बाहेर ढकलतं. तो स्वतः ओढू नका. डॉक्टर तो कापून काढतात आणि पुळी काही दिवसांत बसते. आणि खोकताना किंवा उठून बसताना व्रणाच्या जागी फुगवटा येत असेल, आडवं झाल्यावर तो आत जात असेल, तर ती व्रणाची नाही, हर्नियाची शंका आहे. त्यासाठी शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांनाच दाखवा, थांबू नका. फुगवटा आत जाईनासा झाला, दुखायला लागला आणि उलट्या होत असतील तर त्याच दिवशी, ताबडतोब.

केलॉइडची भीती मात्र नीट समजून घ्यायला हवी, कारण जाड झालेला प्रत्येक व्रण केलॉइड नसतो. जाड व्रण दोन प्रकारचे असतात. एकाला हायपरट्रॉफिक म्हणतात. तो चार ते आठ आठवड्यांत वर यायला लागतो, काही महिने वाढतो, पण चिरेची हद्द सोडत नाही आणि बऱ्याचदा वर्ष-दोन वर्षांत आपणहून बसतो. केलॉइड हद्द ओलांडतो. तो मूळ चिरेच्या बाहेर, चांगल्या त्वचेवर पसरतो, कित्येकदा काही महिन्यांनी किंवा त्याहूनही उशिरा सुरू होतो आणि आपणहून बसत नाही. छातीचा मधला भाग, खांदे, पाठीचा वरचा भाग, कानाची पाळी, जबड्याची कडा या त्याच्या ठरलेल्या जागा. सावळ्या आणि काळ्या त्वचेच्या लोकांत तो जास्त दिसतो, घराण्यातही चालतो. तुमचा व्रण पोटावर आहे आणि रेघेतच आहे. कान टोचल्यावर पाळीवर गाठ आली होती का, आई-वडील-भावंडांत कुणाला आहे का, एवढं मात्र आठवून बघा. असेल तर वाट न बघता लवकर दाखवणं बरं.

व्रण कसा भरेल हे काही अंशी चीर कुठे आणि कुठल्या दिशेने होती यावर ठरतं. त्वचेला ताणाच्या ठरावीक रेषा असतात. व्हिएन्नाचा शरीररचनाशास्त्रज्ञ कार्ल लँगर याने १८६१ मध्ये मृतदेहांच्या त्वचेला गोल भोकं पाडून ती कुठल्या दिशेला लांबट होतात हे बघितलं आणि त्यावरून या रेषांचा नकाशा मांडला. चीर या रेषांना समांतर असेल तर कडा कमी ओढल्या जातात आणि व्रण बारीक राहतो, त्यांना छेदून गेली तर रुंदावतो. पोटावरची उभी चीर या रेषांना छेदते, म्हणून ती खालच्या पोटावरच्या आडव्या चिरेपेक्षा जाड भरायची शक्यता जास्त. यात तुमचा किंवा टाके घालणाऱ्याचा दोष नसतो. आत पोचायला ती चीर लागते. पापणीचा व्रण जवळजवळ नाहीसा होतो, तर गुडघ्याचा, खांद्याचा प्रत्येक हालचालीला ताणला जाऊन पसरतो.

ताण हाच व्रणाचा मोठा शत्रू. माझ्या मते सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय म्हणजे कागदी चिकटपट्टी, ती ड्रेसिंगसाठी वापरतात ती सच्छिद्र पट्टी. टाके निघाल्यावर आणि खपल्या पडल्यावर ही पट्टी रेघेवर लावायची, सलग बारा आठवडे. ती वरून आंघोळीत भिजली तरी चालते, टिपून कोरडी करायची, सैल होईपर्यंत चार-पाच दिवस तशीच ठेवायची. काढताना झटकन उपटू नका. ओली करून, एका हाताने त्वचा दाबून धरत, रेघेच्या दिशेने हळूहळू सोडवा. रेघेपासून दूर ओढली तर ज्या कडा जवळ ठेवायच्या त्याच आपण ओढतो. तुमचे बारा आठवडे जवळजवळ होत आलेत, तरी व्रण लाल आहे तोवर पट्टीचा फायदा होतो.

दुसरा भरवशाचा उपाय सिलिकॉन, पातळ चिकट शीटच्या किंवा जेलच्या रूपात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला भाजलेल्या रुग्णांच्या व्रणांवर तो वापरायला सुरुवात झाली. सिलिकॉनमधून औषध आत जात नाही. ते वरचा थर झाकून ओलावा टिकवतं, आणि ओलावा टिकला की खालच्या पेशींना कोलॅजेन टाकायचा इशारा कमी मिळतो, असा त्यामागचा समज आहे. शीट वापरणार असाल तर दिवसातले निदान १२ तास, जमेल तितकं २४ च्या जवळ, आणि किमान दोन-तीन महिने. शीट रोज साबणाने धुऊन वाळवून परत लावायची, नाहीतर घामाने पुरळ येतं. जेल लावणार असाल तर अगदी पातळ थर, दिवसातून दोनदा, आणि तो वाळेपर्यंत कपडा लावायचा नाही. लोक जाड थर लावतात, तो वाळत नाही, कपड्याला पुसला जातो आणि मग ‘उपयोग झाला नाही’ म्हणतात. उपयोग माफकच असतो, पण तो असतो. शीट आणि चिकटपट्टी एकाच जागी एकदम लावायची गरज नाही. एकच निवडा आणि सातत्याने वापरा.

चोळायचं कसं हेही सांगते. टाके काढून दोन-तीन आठवडे झाले आणि कुठेही खपली किंवा ओलसर जागा नसेल तरच. बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर बोटावर घ्या. बोटाचा पेर व्रणावर ठेवून, तिथला रंग फिकट होईल इतपत दाबा, आणि बोट न घसरवता त्वचाच खालच्या थरावर सरकवा: आधी गोलाकार, मग रेघेला आडवं, मग उभं. पाच-दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. नुसतं वरवर तेल चोळण्याला काही अर्थ नाही. व्रण खालच्या थराला चिकटून जिथे खळगा पडल्यासारखा दिसतो, तिथे याचा जास्त फायदा दिसतो. दुसऱ्या दिवशी जागा सुजली किंवा जास्त लाल झाली तर जोर कमी करा.

ऊन टाळा. ताज्या व्रणाला ऊन लागलं की तिथे रंगद्रव्य जास्त जमतं आणि तो काळपटपणा पुढे वर्षानुवर्षं राहू शकतो. पोट कपड्याखाली असतं म्हणून तुम्हाला फारसं करायला नको, पण चेहरा, मान, हात यांवर व्रण असेल तर निदान एक वर्ष एसपीएफ ३० किंवा वरचं सनस्क्रीन, दर दोन-तीन तासांनी.

काय लावू नये याबद्दल मी जरा कडक आहे. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर एक बाई आल्या होत्या. रेघ उत्तम भरलेली, पण तिच्या भोवती बरोबर चौकोनी आकाराची लाली आणि बारीक पाण्याचे फोड. रोज रात्री ‘ई’ जीवनसत्त्वाची कॅप्सूल फोडून तेवढ्या चौकोनात चोळत होत्या. फोडांचा चौकोन आणि चोळण्याचा चौकोन एकच. ती ॲलर्जी होती. ‘ई’ जीवनसत्त्वाचं तेल व्रण सुधारतं याला पुरावा नाही, आणि काहींना ते असं उठतं. अँटिबायोटिक मलमंही डॉक्टरांनी सांगितली असतील तितकेच दिवस; त्यातल्या काही औषधांची अशीच ॲलर्जी होते. हायड्रोजन पेरॉक्साइडने जखम रोज फसफसवून धुण्याची सवय तर मोडायलाच हवी. ते जंतूंबरोबर नव्या पेशीही मारतं. पहिल्या दोन दिवसांनंतर वाहतं पाणी आणि सौम्य साबण पुरेसा असतो. टबात किंवा तलावात डुंबणं मात्र जखम पूर्ण बंद होईपर्यंत नको. जखम उघडी ठेवून वाळवली तर लवकर भरते हाही जुना समज. जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी साधारण दुप्पट वेगाने येते. म्हणून खपली नखाने काढू नका. ती पडेल तेव्हा पडू द्या.

धूम्रपान करत असाल तर ते थांबवणं कुठल्याही क्रीमपेक्षा जास्त कामाचं आहे; निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला प्राणवायू कमी पडतो. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवा, आणि खाण्यात प्रथिनं पुरेशी असू द्या. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आठवणीने सांगा, पण स्वतःहून बंद करू नका.

रेघेच्या आसपास बधिर वाटतं, मुंग्या येतात, कपडा घासला की विचित्र झिणझिणतं, हेही महिनोन्महिने चालू शकतं. कापले गेलेले मज्जातंतू दिवसाला जेमतेम एक मिलिमीटरच्या वेगाने वाढतात. बहुतेक संवेदना परत येते, थोडा भाग कायमचा बधिर राहू शकतो. तिथे गरम पिशवी ठेवू नका, भाजलेलं कळत नाही.

इतकं करूनही व्रण जाड होत राहिला, वर आलेला भाग वाढत गेला किंवा खाज-दुखणं झोप मोडू लागलं, तर पुढचे उपाय आहेत. पहिला बहुधा व्रणातच ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन, दर चार ते सहा आठवड्यांनी, काही वेळा. व्रण मऊ होतो, खाज लवकर थांबते. जास्त झालं तर त्वचा पातळ होणं, फिकट डाग पडणं हे तोटे आहेत, म्हणून ते अनुभवी हातानेच घ्यावं. लालीसाठी रक्तवाहिन्यांवर काम करणारा लेझर असतो. केलॉइड नुसता कापून काढू नका, हे मी आग्रहाने सांगते. केवळ शस्त्रक्रिया केली तर निम्म्याहून जास्त वेळा तो परत येतो, कित्येकदा आधीपेक्षा मोठा. कापायचाच असेल तर सोबत इंजेक्शनं किंवा किरणोपचार ठरवूनच. आणि साधा रुंद व्रण कापून नव्याने शिवायचा विचार असेल तर वर्षभर थांबा. आज ज्याच्यासाठी तुम्ही पुन्हा टेबलावर जायला तयार आहात, तो बाराव्या महिन्यात कदाचित नकोसाही वाटणार नाही.

तुमच्यापुरतं आज करायचं ते असं. बाकी सगळी क्रीमं बंद करा, चिकटपट्टी किंवा सिलिकॉन यातलं एक सुरू करा, खाजेसाठी मॉइश्चरायझर आणि थंड ओला कपडा वापरा. झोप मोडत असेल तर डॉक्टरांना विचारून खाजेची गोळी. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी, शेजारी मोजपट्टी धरून व्रणाचा फोटो काढा. रोज आरशात बघून फरक कळत नाही. सहाव्या महिन्याच्या तपासणीला ते फोटो घेऊन जा, आणि त्याआधी रेघ स्वतःची हद्द सोडून बाजूला सरकताना फोटोत दिसली तर सहा महिन्यांची वाट बघू नका.